मारकं नसलेलं घर

माझं लग्न ठरत होतं तेव्हा किसनमामांनी नवऱ्या मुलाला चालून दाखवायला सांगितलं होतं.

बघण्याचा कार्यक्रम आमच्या परतूरच्या घरी होता. पोहे झाले, चहा झाला. मुलाकडच्यांनी मला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, आणि मंडळी आता उठणार तेवढ्यात दाराशी बसलेले मामा म्हणाले, "पाव्हणं, जरा त्या गेटपस्तोर जाऊन या बरं." सुधीर तेव्हाही भाबडाच होता. त्याला वाटलं, गेटवर कुणीतरी आपल्याला बोलावतंय. तो गेला, इकडेतिकडे बघितलं, कुणी दिसलं नाही म्हणून परत आला. मामांनी त्याची जातानाची आणि येतानाची चाल डोळे बारीक करून बघितली आणि बाबांच्या कानात, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मागचा पाय जरा फाकून टाकतंय. पण लंगडं न्हाई. कामाला चिवट राहील. द्या बिनघोर."

आपला मागचा पाय कोणता, हे सुधीरला आजवर कळलेलं नाही. तरी तो सगळ्यांना सांगतो, की मामांनी माझे दात बघितले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

मामा आमचे शेजारी. धंद्याने हेडी. हेडी म्हणजे बैलबाजारातला दलाल. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, आणि मध्ये खांद्यावर रुमाल टाकून उभा असलेला हा माणूस. भाव तोंडाने बोलायचा नाही. रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून दाबून आकडे सांगायचे, म्हणजे भोवती जमलेल्या रिकामटेकड्यांना काही कळत नाही. मामांनी असे सौदे जन्मभर केले. जिल्ह्यातला एक बाजार त्यांनी सोडला नव्हता.

आमचं त्यांचं नातं जुळलं तेही सौद्यासारखंच, जागच्या जागी. बाबा परतूरच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी प्लॉट घेऊन घर बांधलं आणि आई राहायला आली, त्या दिवशी मामांनी मधल्या भिंतीवरून विचारलं, "गाव कोणतं, बाई?" आई म्हणाली, "मंठा." मामांचं गाव मंठ्यापासून हाकेच्या अंतरावर. "मंग तू माझी बहीण झालीस," एवढं बोलून ते वैरण टाकायला निघून गेले. तेव्हापासून आई त्यांची अक्का, ते आईचे किसनभाऊ, आणि मी जन्मायच्या आधीच भाची.

मामांच्या लेखी जगातली यच्चयावत वस्तू म्हणजे बैल. एसटीचा नवा ड्रायव्हर असो, दवाखान्यातला नवा डॉक्टर असो की मत मागायला आलेला उमेदवार असो, मामा आधी त्याच्या भोवती एक चक्कर मारायचे. उमेदवाराबद्दल त्यांचं मत पडलं होतं, "डोळा गरीब हाय, पण गव्हाणीत तोंड घातलं की काढायचा न्हाई." तो निवडून आला आणि मामांचं म्हणणं खरं करून दाखवलं.

धंद्यात त्यांची दोन तत्त्वं होती. पहिलं, खोड सांगून विकायचं. बैल लाथ मारत असेल तर तसं सांगायचं, मग तो पाण्याला घाबरत नाही हेही सांगायचं. दुसरं, हेड्याने जनावराला जीव लावायचा नाही. त्यांच्या घरापुढचं अंगण म्हणजे टणक माती आणि त्यात ठोकलेले खुंटे. दोन बाजारांच्या मधली जनावरं तिथे एखादी रात्र थांबायची. लहानपणी मी त्या वासरांना नावं द्यायला गेले, तर मामांनी मला जवळ बोलावून समजावलं होतं, "नाव ठिवू नको, नंदे. नाव ठिवलं की भाव सांगायला जीभ उठत न्हाई."

आता बाजार पातळ झाले. ट्रॅक्टर आले. खुंटे रिकामे पडले आणि मामा ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्यांच्या चाली बघू लागले. द्वारकामामी म्हणते, "आता दिवसभर मलाच बघतेत. म्या मुद्दाम चुलीपसून हालत न्हाई."

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे संभाजीनगरला आली आणि परतूरच्या घराला कुलूप लागलं. बंद घर म्हणजे रोज नवं दुखणं. कधी टाकीला चीर, कधी खिडकीत पोळं. शेवटी विकायचं ठरलं. आईला कसं विचारायचं याची मला धास्ती होती. पण ती शांतपणे म्हणाली, "इकायला माझी ना न्हाई. पण मंग परतूरला गेलं की उतरायचं कुठं?"

हा प्रश्न साधा नव्हता. आईचं सगळं आयुष्य परतूरला गेलेलं. तिथली लग्नं, बारशी, मयती तिला चुकवता येत नाहीत. मंठ्याला भाऊ राहिले नाहीत, भाचे घर मोडून पुण्याला गेले. परतूरचं घर गेलं की त्या सगळ्या मुलखात तिला पिशवी खाली ठेवायला जागा उरणार नव्हती. सुधीर म्हणाला, "स्टेशनजवळ चांगलं लॉज आहे, आई." आईने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो उठून उगाच गॅस बंद आहे का ते बघायला गेला. आईचा प्रश्न पुढचे सगळे महिने माझ्या छातीवर बसून होता.

गिऱ्हाइकं यायला लागली आणि गेटवरूनच परत जायला लागली. त्यांचं चुकत नव्हतं. घरापुढच्या बागेत कंबरेएवढं गाजर गवत माजलं होतं, घाणेरीने पायऱ्या गिळल्या होत्या आणि गेटच्या फटीतून एका वेड्या बाभळीने रस्त्यावर हात काढला होता. दिवाळीनंतर मी आले तर गेट उघडेचना. भिंतीपलीकडून मामा बघत होते.

"त्याला तसं इकून राह्यली का?" त्यांनी विचारलं.

"तसं म्हणजे?"

"शेणानं भरलेलं. बाजारात नेताना बैल धुतेत की न्हाई? गिऱ्हाईक पहिले तोंड बघतंय, नंदे. तोंड बघूनच त्याचं ठरलेलं असतंय. दात बघायचं आपलं नुसतं निमित्त."

"मग काय करू, मामा?"

"तू कायबी करू नको. हे काम माझ्याकडं." आणि त्यांनी रुमाल झटकून दुसऱ्या खांद्यावर टाकला. मामांना इतकं खुशीत मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. त्यांच्या हाती विकायला काहीतरी लागलं होतं.

काम बैलाच्या हिशेबाने सुरू झालं. पहिली आंघोळ. गाजर गवत, घाणेरी, एरंड, सगळं गेलं, आणि आत कोण कोण जिवंत आहे ते दिसलं. आईची जास्वंद होती, एक पेरू होता आणि मेली म्हणून आम्ही विसरलेली जाई होती. मग शिंगं घासणं, म्हणजे छाटणी. मग रंग. मी पुढच्या शनिवारी गेले तर बागेतला प्रत्येक दगड गेरूने लाल झालेला, झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे आणि कुंड्यांना वार्निश. तहसील कचेरीसमोर आल्यासारखं वाटत होतं.

"मामा, हे जरा जास्त नाही का होत?"

"बाजारात जास्तच लागतंय," मामा म्हणाले. गेटवर बोगनवेल चढवली, ती झूल. आणि बोगनवेल आवरायला म्हणून गेट ढकललं तर छन्नकन आवाज झाला. मामांनी गेटला घुंगुरमाळ बांधली होती.

"गिऱ्हाईक आत येताना आवाज पाहिजे," ते म्हणाले. "मुका बैल कुणाला आवडत न्हाई."

झेंडू आणि शेवंती लावली होती, पण मामांना नुसती फुलं पटेनात, म्हणून मधल्या वाफ्यात त्यांनी मेथी, कोथिंबीर टाकली. त्याचा परिणाम असा झाला की गल्लीतल्या सगळ्या बाया रोज सकाळी बाग बघायला येऊ लागल्या आणि जाताना भाजी घेऊन जाऊ लागल्या. मामा कुणाला अडवायचे नाहीत. "गर्दी दिसली पाहिजे," त्यांचं म्हणणं. "ज्या बैलाजवळ चार माणसं उभी, तिथंच पाचवा येतो."

इथवर सगळं बरं होतं. पण सुधीर संभाजीनगरहून उंटावरून शेळ्या हाकत होता. त्याने कुठल्यातरी बंगल्याचा फोटो पाठवला. समोर हिरवंगार लॉन. खाली लिहिलेलं, एवढं झालं की घर गेलंच समजा. मी फोन मामांपुढे धरला. त्यांनी तो लांब नेला, जवळ आणला, आणि त्यांचा चेहराच पडला.

"ही तर हराळी हाय."

"लॉन आहे मामा. शहरात पैसे देऊन लावतात."

"हराळी हाय, नंदे. मला हराळी दाखवून राह्यली तू? माझ्या आज्यानं काढली, बापानं काढली, म्या काढली. रानात हराळी दिसली की आमच्याकडं पोरगी देत न्हाईत. अन् आता पैसे दिऊन लावू?"

दोन शनिवार हा वाद चालला. सुधीर फोनवर हटेना, मामा ओट्यावर हटेनात. शेवटी मीच तोडगा काढला. म्हटलं, "मामा, राजूरच्या गणपतीला तुम्ही दुर्वा वाहता ना?"

"वाहतो की."

"मग दुर्वा म्हणजे काय? हराळीच की."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. एवढं वय झालं, राजूरच्या किती चतुर्थ्या केल्या, पण देवाच्या डोक्यावरची दुर्वा आणि रानातली हराळी यांची त्यांनी कधी गाठ घालून दिली नव्हती. "देवाचं म्हणून लावतो," ते म्हणाले. "पण मला हराळी म्हणायला लावू नको." आणि त्यांनी ती लावली. रोज पाणी घातलं. तिच्या जवळून जाताना चप्पल काढायचे, पण नजर दुसरीकडे ठेवायचे. फेब्रुवारीपर्यंत घरापुढे खरंच हिरवी सतरंजी पसरली. सुधीरने फोटो मागवून ऑफिसात दाखवला.

त्या दिवसांत एकदा, जाईचा वेल बांधता बांधता, मी मामांना आईचा प्रश्न सांगितला. म्हटलं, घर जाईल ते जाईल मामा, पण आई विचारते, परतूरला आलं की उतरायचं कुठं, त्याचं मला काही उत्तर सापडत नाही. मामांनी सुतळीची गाठ मारली, ओढून बघितली, सोडून परत मारली. "बोगनवेलीला काटे लई हायेत," म्हणाले आणि पाणी प्यायला घरी गेले. मला जरा रागच आला. आपण मन मोकळं करावं आणि समोरच्याने काट्यांबद्दल बोलावं.

मग मार्चमध्ये एक चांगलं गिऱ्हाईक ठरलं. ग्रामीण रुग्णालयातली नर्स आणि तिचा नवरा, तो शाळेत शिक्षक. भाड्याच्या घराला कंटाळलेले, दोन मुली. रविवारी दुपारी येणार होते. मामांनी सकाळी शेतावरच्या दोन बायांना बोलावलं, शेवंतीचा वाफा खुरपायला. "गिऱ्हाईक येनार हाय, जल्दी आवरा, बराबर चकाचक करा," एवढं सांगून ते दाढी करायला गेले. मी आत झाडत होते.

बाहेर आले तर लॉन नव्हतं. सगळी हराळी मुळासकट निघून गेटबाहेर ढीग होऊन पडली होती, आणि दोघी बाया हात झटकत शाबासकीची वाट बघत होत्या. "काय माजली व्हती, ताई," त्यातली थोरली म्हणाली. "बरं झालं येळेवर बोलावलं. एक काडी ठिवली न्हाई." मामा अर्ध्या दाढीने धावत आले. उघड्या मातीकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते त्यांना लपवता येईना. त्यांनी वाकून एक मूळ उचललं. "बघ, नंदे. कुठंच तुटलं न्हाई. असं काम आता बघायला मिळत न्हाई." आणि दोघींना चहा पाजायला घेऊन गेले. दुपारच्या गाडीने आलेल्या सुधीरने लॉन कुठे म्हणून विचारलं, तर मी संध्याकाळी सांगते म्हटलं.

उघड्या मातीचं काय करायचं, तर त्या बायांतल्या धाकटीने तिथे सडा टाकला आणि मोठी रांगोळी काढली. वैशालीताई, म्हणजे ती नर्स, घुंगरं वाजवत गेटमधून आत आली आणि रांगोळीपाशीच थांबली. "किती छान मोकळं अंगण आहे," ती म्हणाली. "आम्हाला वाळवणं टाकायला असंच पाहिजे होतं." तिचे यजमान गायकवाड सर मागून आले. सौम्य, हसतमुख, कुणी काही बोललं की "हो, हो" म्हणणारे.

मामांनी त्यांना घर फिरवून दाखवलं. मी आणि सुधीर मागे मागे. मामांचं पहिलं तत्त्व सुरू झालं होतं.

"ही उत्तरेची भिंत. पावसाळ्यात हिला घाम फुटतो. मोरीचं पाणी हळू जातं, त्याला आधी मास्तर काठी घालायचे. मागच्या खोलीत उन्हाळ्यात झोपू नका, उकडून निघाल. पण एक सांगतो सर," मामांनी भिंतीवर थाप मारली, "मारकं न्हाई. इतक्या वरसात ह्या घरात कुणी रडत बाहेर आलेलं म्या बघितलं न्हाई. मयतीचं सोडून."

"हो, हो," सर म्हणाले.

"वास्तू कशी आहे?" मग सरांनीच भीतभीत विचारलं.

"भोवरा शुभ हाय," मामांनी ठामपणे सांगितलं. भोवरा बघतात तो बैलाच्या अंगावरच्या केसांचा; घराचा कुठला, कुठे, हे सरांनी विचारलं नाही.

भाव ठरवायला सगळे ओट्यावर बसलो. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, सरांचा हात धरला आणि दोघांच्या हातांवर तो पसरला. मला घाम फुटला. मामांची बोटं रुमालाखाली चालू झाली. सर हसले. मामांनी पुन्हा बोटं दाबली. सरांनी मामांचा हात प्रेमाने हलवला आणि म्हणाले, "मलाही फार आनंद झाला तुम्हाला भेटून." मामांनी खुशीत रुमाल उडवला, "झाला सौदा! एवढ्या जल्दी मानणारा माणूस म्या जन्मात बघितला न्हाई."

"कसला सौदा?" सरांनी विचारलं.

तेव्हा वैशालीताई पुढे सरकली. ती भोकरदनकडची. म्हणाली, "मामा, माझे वडील बैलबाजारात बसायचे. सरांना त्यातलं काही कळत नाही. तुम्ही मला सांगा." आणि तिने हात पुढे केला.

मामा त्या हाताकडे बघतच राहिले. "म्या बाईमाणसाचा हात रुमालाखाली कधी धरला न्हाई, माय."

"लेकीचा धरा."

मामांनी इकडेतिकडे बघितलं. मग मला गेट ओढून घ्यायला सांगितलं, टोपी नीट केली, आणि रुमाल असा जपून पसरला की जणू खाली दिवा आहे. पुढचा बराच वेळ फक्त रुमाल थोडा थोडा हलत होता. मामांच्या कपाळावर आठी पडली, मग भुवया वर गेल्या, मग ते खुदकन हसले. वैशालीताईचा चेहरा मात्र इंजेक्शन देतानासारखा स्थिर होता. सर माझ्याकडे बघून हसत होते, सुधीर माझ्याकडे बघून रडकुंडीला आला होता.

"झालं," मामा शेवटी म्हणाले आणि रुमालाने घाम पुसला. ते हरले होते, हे कुणीही सांगितलं असतं. पण असा हरलेला माणूस मी कधी बघितला नाही. त्यांनी सुधीरला भाव सांगितला. आमच्या मनात होता त्याहून जरा कमी, पण बरा होता. सुधीरने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. "कुणाची लेक गं तू?" मामा तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. "बापानं बोटांत सगळी इद्या घातली तुझ्या."

खरेदीखताला आईला घेऊन आले. सह्या झाल्यावर ती घराच्या गेटपर्यंत आली, पण आत गेली नाही. जास्वंद फुलली होती, जाईला कळ्या होत्या, बोगनवेल पेटली होती. आई बराच वेळ बघत राहिली.

"चांगली केली बाग, किसनभाऊ. म्या इथं असताना कधी एवढी नव्हती."

"इकायचा बैल रोज सजवतेत, अक्का," मामा खाली बघून म्हणाले. "घरच्याला आपलं पोळ्यापुरतं."

आईने गेट ओढून घेतलं. मामीने तिला साडी-चोळी केली. आम्ही गाडी गाठायला स्टेशनवर गेलो. फलाटावर आईने मला एवढंच विचारलं, की डब्यात आणलेल्या पोळ्या उरल्या आहेत का. मी तिचा हात धरून बसले. मला वाटलं, आपण एक शहाणपणाचं काम केलं आणि तरी आपल्या हातून काहीतरी निसटलं.

उन्हाळा गेला. श्रावण लागला. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर किसनमामा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे जिने चढून धापा टाकत होते. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी, हातात पिशवी.

"मामा, तुम्ही? फोन करायचा ना. सुधीर स्टेशनवर आला असता."

"मुराळी फोन करून येत असतोय का?"

मी तशीच उभी राहिले. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारून वर्षं झाली होती. मामा आत आले, आणि सोफ्यावर न बसता आधी सुधीरपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले.

"जावईबापू, बहिणीला न्यायला आलोय. चार दिवस धाडता का?"

मामांनी सुधीरला इतक्या मानाने काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. त्याने शर्टाची वरची गुंडी लावली आणि म्हणाला, "बिलकुल, मामा."

आई आतून हात पुसत आली होती. "काय हे, किसनभाऊ. सत्तरी उलटली माझी. आता कसलं माहेर अन् कसली पंचमी."

"पंचमी वय इचारत न्हाई, अक्का." मग ते एका दमात सांगत सुटले. त्यांच्या घराच्या समोरच्या खोलीतली पेंडीची पोती काढली. चुना मारला. अंगणातले खुंटे उपटले, मातीत कुणी अडखळू नये म्हणून. लिंबाला झोका बांधलाय, त्याच्यावर शेजारच्या दोघी पोरी आत्ताच भांडून राह्यल्या. मामीने पुरणाच्या दिंडांची तयारी करून ठेवलीय. "अन् आता परतूरला आलं की तिथंच उतरायचं. लगीन असू दे, मयत असू दे, काहीच नसू दे. ती खोली तुझी. नंदीनं बी यायचं, तिचं आजोळ हाय."

आईने डोळ्याला पदर लावला, मग तो काढला आणि मला विचारलं, "माझी ती हिरवी साडी कुठं ठिवलीस?" आणि आत निघून गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसती खुडबुड.

मामा सोफ्याच्या कडेवर बसले. आतल्या दाराकडे एकदा बघितलं, आणि माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "नंदे, एक इचारू का? मुराळ्यानं नेमकं काय करायचं असतंय?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा खरोखर काळजीत होता.

"मला सख्खी बहीण न्हाई," ते म्हणाले. "पंचमीला गावातली पोरं बहिणीला आणायला निघायची. म्या त्यांचे बैल धुवायचो, गाडी जुपून द्यायचो, वेशीपस्तोर संगं जायचो अन् माघारी यायचो. म्होरं जाऊन काय करतेत, ते कधी बघितलंच न्हाई. अक्कापुढं काही चुकायला नको."

मी म्हटलं, "अवघड काही नसतं, मामा. मुराळ्यानं आधी हातपाय धुवायचे, मग पोटभर जेवायचं. बाकी सगळं बहीण बघते."

"बराबर," म्हणत ते उठले, हातपाय धुऊन आले आणि ताटावर बसले. तेवढ्यात आईने तिची भरलेली पिशवी आणून भिंतीशी ठेवली. मामांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही कुणी धरायची असतीय?"

"मुराळ्यानं," मी सांगितलं.

मामांनी पिशवी ओढून गुडघ्याशी घेतली आणि डावा हात तिच्यावर ठेवूनच जेवले.